भरल्या खोडाची तहान

केळीचा घड खांद्यावर गेला आणि सुकलालने उभ्या खोडाचा शेंडा कोयत्याच्या एका वारात उडवला. कापल्या जागी क्षणभर काहीच दिसलं नाही. मग थेंब फुटले, एकमेकांत मिसळले, आणि पांढरट हिरव्या खोडावरून पाण्याचा ओघळ खाली निघाला. तो थांबेचना. सुकलालने हात पुढे केला, ओंजळीत थोडं पाणी धरलं, वास घेतला आणि टाकून दिलं. चैत्र संपत आला होता. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी बागेतल्या पानांनी मिटायला सुरुवात केली होती. केळीचं पान मधल्या दांड्यावर दुमडतं, दोन्ही बाजू खाली लोंबतात. दुपारपर्यंत सगळी बाग माना टाकून उभी राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ठिबक पहाटेपासून चालू होतं, बुंध्याजवळची माती काळीभोर ओली होती. सुकलाल म्हणाला, “भाऊ, एवढं पाणी पोटात घेऊन उभं आहे हे. मग दुपारी असं का करतं?” मी म्हटलं, “ऊन आहे ना.” तो म्हणाला, “ऊन तर दगडावरही आहे.”

तो पुढच्या झाडाकडे गेला. मी तिथेच उभा राहिलो.

मी वनस्पतीशास्त्र शिकलो, पोट भलत्याच कामावर भरतो. गावी येतो ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर दिवाळीला. शेत धाकटा भाऊ बघतो, आणि धाकट्याच्या नावावर खरं तर सुकलाल बघतो. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस. आखाजीला त्याचं साल संपतं, हिशोब होतो, आणि बहुतेक वेळा तोच पुन्हा नव्या सालासाठी राहतो. केळी त्याला माझ्याहून किती जास्त कळते, ते बोलण्यात नाही, हात लावण्यात दिसतं. पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, कसा सुटतोय, झाड कधी निसवणार, म्हणजे घड बाहेर टाकणार, बुंध्याशी फुटलेलं कोणतं पील ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे तो चालता चालता ठरवतो. त्यामुळे त्याने विचारलेला प्रश्न साधा नव्हता. त्याला उत्तराचा काही भाग माहीत असणार, आणि उरलेला भाग त्याला खरोखर हवा होता.

केळीच्या खोडाला आपण खोड म्हणतो, पण त्यात लाकूड नावाला नाही. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळले गेले की हा खांब होतो. आडवा काप घेतला की आत रिकाम्या खणांची जाळी दिसते, बोट लावलं की बारीक तंतू ओढले जातात, आणि चीक लागतो. हा चीक आधी पाण्याइतका निर्मळ असतो, वाळला की तपकिरी होतो आणि कपड्यावरून जन्मात जात नाही. आमच्या शाळेच्या सदऱ्यांवर ते डाग कायमचे असत. माय साबण घासून थकायची आणि मग शिव्या केळीला द्यायची. या खांबात दहातले नऊ भाग पाणीच असतं, थोडं जास्तच. आणि ते टाकीत साठवल्यागत मोकळं पडलेलं नसतं. ते पेशीपेशीत कोंडलेलं असतं. प्रत्येक पेशी आतल्या पाण्याने फुगते, भिंतीला आतून रेटते, शेजारची पेशी तिला उलट रेटते, आणि या रेटारेटीवर बारा-पंधरा फुटांचं झाड वीस-पंचवीस किलोंचा घड घेऊन उभं राहतं. हाडं नाहीत, लाकूड नाही, आहे तो पाण्याचा दाब. मे-जूनच्या वावधानात, वादळी वाऱ्यात, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या बागा अर्ध्या तासात आडव्या होतात, त्याचं एक कारण हेही आहे.

म्हणजे सुकलालला जे पोटातलं पाणी वाटलं, ते झाडाच्या लेखी पिण्याचं नव्हतंच. तो त्याचा कणा होता. कणा कोणी पीत नाही. पिलासाठी मात्र ते देऊन टाकतं. घड उतरवल्यावर शेतकरी खोड बुडातून लगेच कापत नाहीत, काही दिवस उभं ठेवतात, कारण त्यातलं पाणी आणि अन्न हळूहळू शेजारच्या पिलाकडे उतरतं. हे सुकलालला पुस्तकाशिवाय माहीत आहे. म्हणूनच त्याने शेंडा उडवला, बुंधा ठेवला.

पण पानं का मिटतात, हे राहिलंच. मुळांपासून शेंड्याच्या पानापर्यंत पाणी चढतं, आणि त्यासाठी झाडात कुठेही पंप नाही. डब्लिनमधल्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये याचं जे उत्तर मांडलं, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थाप वाटली होती. पानाच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. गेलेल्या रेणूच्या मागचा रेणू पुढे ओढला जातो, त्याच्या मागचा त्याच्यापाठोपाठ, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना सोडत नाहीत. पानापासून मुळाच्या केसापर्यंत पाण्याची एक अखंड ताणलेली तार असते, आणि तिचं वरचं टोक उन्हाच्या हातात असतं. पाणी झाड चढवत नाही, सूर्य उपसतो. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं शेकडा सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव टक्के असंच हवेत जातं. शरीर बांधायला उरतं ते उरलेलं. ठिबकवर आम्ही उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला वीसेक लिटर पाणी देतो. त्यातला तांब्याभरसुद्धा झाडाचं अंग होत नाही.

ही उधळपट्टी का? तर भूक म्हणून. हवेतला कर्बवायू आत घ्यायचा तर छिद्रं उघडावी लागतात, आणि उघडली की ओलं आतलं बाहेर जाणारच. केळीसारख्या झाडाला कर्बवायूचा एक रेणू मिळवायला ढोबळमानाने पाण्याचे चारशे रेणू सोडावे लागतात. ज्वारीचं काम निम्म्याच्या आसपास भागतं. तिची अन्न करण्याची रीतच वेगळी आहे, कर्बवायू पकडण्यात ती फार तरबेज. वर दुष्काळ पडला की पानं गुंडाळून ती गप्प बसते आणि पाऊस आला की जिथे थांबली होती तिथून पुढे निघते. आजोबांच्या वेळी आमच्या याच काळ्या मातीत दादर ज्वारी असायची, आता नजर जाईल तिथवर केळी आहे, आणि बोअर शेकडो फूट खाली गेलेत. मी यावर भाषण करणार नाही. केळीनेच आमचं घर बांधलं, माझी फी भरली. पण अर्धा खर्च करणारं पीक सोडून दुप्पट खर्च करणारं पीक आपण निवडलं, आणि मग पाणी वाचवण्यात सगळ्या देशाला शिकवू इतके तरबेज झालो, यात काहीतरी गंमत आहे.

दुपारी ऊन इतकं ओढतं की ओली माती असूनही मुळांचा वेग पुरत नाही. तार तुटायची वेळ येते. तेव्हा पान मिटतं. छिद्रं वरच्यापेक्षा खालच्या बाजूला जास्त असतात. पान खाली दुमडलं की त्या दोन बाजू समोरासमोर येतात, सावलीत जातात, मधली हवा ओलसर राहते. छिद्रंही बंद होतात. त्या तासांत झाड तहानेपासून वाचतं आणि उपाशी राहतं. धाकट्याला माना टाकलेली बाग बघवत नाही, तो भर दुपारी पुन्हा ठिबक सोडायला निघतो. सुकलाल त्याला अडवतो. वाफसा मोडेल, म्हणतो. बरोबर आहे. मातीच्या फटीफटीत पाणी भरलं की हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढायचं बंद करतं. पाण्यात उभं राहून झाड सुकतं. हे मी सुकलालला दुपारच्या भाकरीच्या वेळी, लिंबाखाली बसून सांगितलं. कणा, तार, भूक, सगळं. त्याने ठेच्याचा घास तोंडात धरून ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे पाणी आहे, पण खर्चायचं नाही.” मग थोडं थांबून, “आणि खर्चल्याशिवाय राहताही येत नाही.” एवढं बोलून तो उठला. मला सांगायला एवढा वेळ लागला होता.

आखाजी आली. घरातली थोरली बाई म्हणजे मोठीमाय. तिने पहाटे उठून पितरांच्या नावाने घागर भरली. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. मोठेबाबांना, तिच्या नवऱ्याला, जाऊन बरीच वर्षं झाली, पण वैशाखाच्या उन्हात ते तहानलेले असतील ही काळजी दरवर्षी ताजी असते. सून मदतीला आली तर तिला हात लावू दिला नाही. पुरण तिनेच वाटलं, खापरावर मांडे तिनेच टाकले, चुलीपुढे दुपारपर्यंत. मी दोनदा तांब्या नेऊन ठेवला. दोन्ही वेळा “मले तहानच नही लागत रे” म्हणून तिने तो बाजूला सारला. अंगणात पोरी झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या, घागरीच्या बाहेरून पाणी पाझरून खालची माती ओली झाली होती. चारच्या सुमारास मोठीमाय मला मोठेबाबांच्या नावाने हाक मारायला लागली. आधी आम्हाला ती आठवण काढतेय असं वाटलं. मग ती उठायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. जीभ बाहेर काढायला सांगितली, तिच्यावर भेगा होत्या. “सकाळपासून लघवीला किती वेळा गेल्या?” तिने उत्तर दिलं नाही, पदर तोंडावर ओढला. सलाईन लागलं. मी खाटेजवळ बसून थेंब मोजत होतो, आणि डोक्यात सुकलालचा प्रश्न बसला होता. मोठीमायचं वजन पंचेचाळीस किलो असेल. म्हातारपणी शरीरात पाणी कमी होतं, तरी त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच होतं. वीस लिटर पाणी घेऊन ती बाई कोरडी पडली होती.

इथेही तेच आहे. सत्तर किलोच्या धडधाकट माणसात बेचाळीस लिटर पाणी धरतात. त्यातलं अठ्ठावीस लिटर पेशींच्या आत असतं, तिथे ते कामावर असतं. रक्तात धावणारं पाणी जेमतेम तीन लिटर. घाम, श्वास, लघवी हा सगळा खर्च आधी या वाहत्या भागातून होतो, आणि अंगातलं पाणी लिटर-दीड लिटर घटलं की डोकं फिरायला लागतं. या तीन लिटरांवर मूत्रपिंडं जे करतात ते तर आमच्या कुठल्याही पाटबंधारे योजनेला लाजवेल. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा. परत घेण्याची वाट बारीक आहे. पेशीच्या पातळ पापुद्र्यातून पाणी नुसतं झिरपतं असं फार वर्षं समजत, पण वेगाचा हिशोब जुळत नव्हता. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे रक्ताच्या तांबड्या पेशींतल्या एका प्रथिनामागे लागले होते. ते प्रथिन तयार करायला लावलेली बेडकाची अंडी साध्या पाण्यात टाकली, तर ती फुगून फुटली. शेजारची साधी अंडी तशीच राहिली. पाण्याचं दार सापडलं होतं. अशा एका दारातून सेकंदाला तीनेक अब्ज रेणू जातात, ओळीने, एकामागे एक, आणि पाण्याशिवाय दुसरं काही जात नाही. २००३ मध्ये अ‍ॅग्रे यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मूत्रपिंडात ही दारं मेंदूच्या हुकमावर बसवली आणि काढली जातात. रक्त थोडं दाट झालं की हुकूम सुटतो, दारं वाढतात, लघवी पिवळी होते. त्याच वेळी तहान लागायला हवी. रक्ताच्या दाटपणात टक्का-दोन टक्के वाढ एवढंच त्याला पुरतं. वय झालं की हे खबर देणं ढिलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. “आजींना तहान लागण्याची वाट बघू नका, घड्याळ बघून पाजा.” झाडांच्या मुळांतही याच जातीची दारं असतात, आणि मूळ गुदमरलं की ती मिटतात. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांच्याकडे रांग होती.

सलाईन उतरल्यावर त्यांनी साखर-मिठाच्या पाण्याची पुडी लिहून दिली. एक लिटर पाण्यात एक पुडी, दिवसभर थोडं थोडं. बाहेरच्या दुकानात ती वीस-पंचवीस रुपयांत मिळते आणि कुणाला तिचं काही वाटत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, आणि दिलीप महालनोबीस नावाच्या डॉक्टरांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ड्रमातून वाटायला सुरुवात केली. आई-बाप, भाऊ, जो कोण जवळ बसला असेल तो पाजू लागला. छावणीतले मृत्यू शंभरात तीसच्या घरातून चारच्याही खाली आले. त्यामागचं कारण आतड्याच्या भिंतीत आहे. तिथे मीठ आणि साखर एकत्र आली की जोडीने आत शिरतात, आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाब असताना नुसतं पाणी तिथे फारसं काम करत नाही. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठीमायने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, “यात मीठ कोनी टाकलं? एवढी साखर घालून बिघडवलं.”

दोन दिवसांत ती पुन्हा ओसरीवर. बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे, दिवस होते, आणि बिबडे राहिले तर वर्षभर ऐकावं लागणार होतं. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून ठेवलेलीच होती. पहाटे चारला गल्लीतल्या बायका जमल्या, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घालून घाटा शिजला, पोरांनी वाटीत घेऊन वर तेल ओतून खाल्ला. मग खाटांवर ओली धोतरं अंथरली आणि पाण्याचा हात घेऊन एकेक बिबडा थापला गेला. मोठीमायला थापू दिलं नाही, तिने खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढल्या. दुपारपर्यंत बिबडे कडांनी उचलले. संध्याकाळी धोतराला मागून पाणी मारून सोडवले तेव्हा ते पत्र्यासारखे वाजत होते. हेच घाट्याचं पातेलं रात्रभर तसंच राहिलं असतं तर सकाळी त्याला आंबूस वास आला असता, दोन दिवसांत बुरशी. आता तेच पीठ पुढच्या आखाजीपर्यंत डब्यात बसेल. बुरशीला, जिवाणूला हात धरून बाहेर काढलेलं नाही. फक्त त्यांना वापरता येईल असं मोकळं पाणी ठेवलेलं नाही. शेजारच्या कोठीत बियाण्याची ज्वारी आहे, तिच्यातही दहा-बारा टक्केच ओल असेल, आणि ती जिवंत आहे. श्वास जवळजवळ बंद, खर्च जवळजवळ शून्य. पाऊस पडला की दाणा पाणी पितो, फुगतो, आणि त्या घडीपासून त्याची गळती सुरू होते. माझ्या डोक्यात हे आता असं बसलंय की ज्याला टिकायचं ते सुकतं आणि ज्याला वाढायचं ते गळतं. बिबडे चांगले झाले होते. मिरची किंचित जास्त.

त्या आठवड्यात पारा ४४ च्या वर गेला. भुसावळकडचे लोक यावर हसतात, त्यांना ४५-४६ ची सवय. आमच्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो, अंगावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. मुंबईचा मेहुणा आला की म्हणतो, तुमच्याकडे घामच येत नाही. येतो, भरपूर येतो. लिटरभर घाम वाळायला ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते, आणि ती तो अंगातून घेऊन जातो. ओसरीतला माठही हेच करतो: पाझरतो म्हणून गार राहतो, आणि जुना होऊन त्याची छिद्रं बुजली की पाणी सगळं आत राहतं आणि कोमट होतं. मुंबईत घाम वाळतच नाही, टपकतो, वाया जातो. पण आमच्याही शेतात एक मुंबई आहे, हे मला याच खेपेला कळलं. भर दुपारी बांधावरून केळीच्या बागेत शिरलं की पहिल्यांदा बरं वाटतं. सावली, ओली माती, हिरवा उजेड. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो. हजारो झाडांनी सोडलेली वाफ त्या छताखाली अडकलेली असते, वारा आत येत नाही, कडेला शेवरीची दाट भिंत. घाम वाळत नाही, डोळ्यांत उतरतो. झाडांचा गारवा झाडांपुरता असतो.

त्या बागेत बायका सकाळी सातपासून काम करतात. वाळलेली पानं काढणं, पिलं कापणं, घडांना पिशव्या घालणं. धाकट्याने बागेच्या तोंडाशी थंड पाण्याचा जार ठेवलाय, झाकण लावून, स्टीलचा ग्लास साखळीने बांधून. मी बांधावर बसलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की जारकडे येतात ते गडी. बायका क्वचित. एक आली, ग्लासात दोन बोटं पाणी घेतलं, गुळणी केली आणि गेली. गटाची मुकादम, पन्नाशीची बाई, तंबाखू मळत सावलीला टेकली होती. मी विचारलं, पाणी बरं नाही का. ती म्हणाली, “पाणी चांगलं आहे भाऊ. जार ठेवला, जागा कुठी ठेवली?” मला लगेच उमगलं नाही. तिने हनुवटीने चारी बाजू दाखवल्या. एकीकडे रस्ता, ट्रक उभा, गाडीवर घड भरणारी पोरं. दुसरीकडे शेजाऱ्याचं मोकळं रान. बागेत प्रत्येक ओळीत कोणी ना कोणी. “घरून निघताना जायचं आणि घरी गेल्यावर जायचं. मधे प्यायचंच नही.” चार पोरींची नावं घेऊन तिने सांगितलं, कोणाला लघवीला जळजळ होते, कोणाला पोटात दुखतं. हे सगळं ती कापसाच्या भावाबद्दल बोलतात त्या आवाजात सांगत होती.

एवढी दारं, एवढे हुकूम, १८० लिटर गाळून दीड लिटरवर आणणारी यंत्रणा, आणि ती सगळी एका आडोशासाठी दिवसभर ताणून धरलेली.

रात्री जेवताना मी धाकट्याला म्हटलं, पंपाच्या खोलीमागे एक शौचालय बांधू. साधं, चार भिंती, पत्रा, पाण्याची टाकी आहेच. तो म्हणाला, “दादा, तिथून लाईन जाते. एक ओळ केळी काढावी लागेल.” मग म्हणाला, कोणाच्याच शेतात नाही. मग म्हणाला, बांधलं तरी त्या जाणार नाहीत, त्यांना सवय आहे. तिन्ही गोष्टी त्याने त्याच क्रमाने सांगितल्या आणि तिसरी सांगताना त्याचाही आवाज खाली आला. मोठीमाय पलीकडे आपल्या ताटाशी होती. शेजारी तिचा पाण्याचा तांब्या, घड्याळानुसारचा. नातीने तो भरून ठेवला होता आणि तो भरलेलाच होता.

“डॉक्टर म्हने म्हातारपणामुळे तहान नही लागत,” ती म्हणाली, ताटाकडे बघतच. “त्याले काय माहीत. मी लगीन होऊन आली तवापासून शेतात. निंदणीले, कापूस वेचाले. सकाळी निघताना चहासुद्धा अर्धा कप. तहान लागायची पहिल्या वर्षी. मग लागेनाशी झाली.”

धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. मोठीमायने वरण-भात कालवला, दोन घास खाल्ले.

“बांधायचं तं दार रस्त्याकडे करू नका,” ती म्हणाली. “आनि कडी आतून पाहिजे. नहीतर कोनी जानार नही.”